गिळलेला 'क'

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, देवाला तर नाहीच, कारण त्याच्याशी माझे संबंध सणावारापुरते आहेत. प्रत्येक माणसाच्या काळजात म्हणे एक बंद खोली असते आणि मरण्यापूर्वी एकदा तरी तिचं दार उघडावं लागतं. असं कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचताना मी फार गंभीर झालो होतो. परवा धीर करून माझी खोली उघडली. आत कबड्डी निघाली.

हसा, हरकत नाही. पण जरा थांबून हसा — कारण त्या खोलीत कबड्डीबरोबर माझी बहीणही आहे, आणि तिला आत मीच कोंडलं आहे.

मी व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला राहतो. इथे घरं संपली की बिनखिडक्यांची डेटा सेंटरं सुरू होतात आणि ती संपली की पुन्हा घरं. जगाची इंटरनेटवरची सगळी बडबड त्या इमारतींच्या पोटातून जाते, त्यामुळे त्या तापतात. त्यातली एक गार ठेवणं हे माझं काम. बरी नोकरी आहे. पण चार माणसांत सांगण्यासारखं तिच्यात काही नाही. आणि कदाचित सगळं तिथूनच सुरू झालं असावं — नाही, असं म्हणायला नको. नोकरीवर ढकलण्यात अर्थ नाही. नोकरीने काही केलेलं नाही.

सांगण्यासारखं आहे ते माझ्या मुलाकडे. निखिल अमेरिकन फुटबॉल खेळतो. रनिंग बॅक आहे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नाव फुटबॉल असलं तरी पायांचा संबंध मुख्यतः पळण्यापुरता. रनिंग बॅकच्या हातात बॉल देतात आणि समोरून येणाऱ्या, फ्रिजच्या मापाच्या माणसांच्या घोळक्यात त्याला सोडून देतात. तो आडवा होईपर्यंत जेवढं अंतर कापेल तेवढं संघाचं. माझी थोरली बहीण शैलाताई मिरजेला असते. तिला पहिल्यांदा फोनवर 'रनिंग बॅक' हा शब्द सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मागे पळणारा? आपल्याकडे त्याला पळपुटा म्हणतात."

तर हा पळपुटा हायस्कूलच्या पहिल्या वर्षी बाकावर बसला होता. दुसऱ्या वर्षी नेहमीचा मुलगा आजारी पडला म्हणून याला आत पाठवलं, आणि त्या शुक्रवारनंतर तो बाकावर बसला नाही. शेवटच्या वर्षी आमच्या दिवाणखान्यात वेगवेगळ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक येऊन पोहे खाऊन गेले. शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठाने स्कॉलरशिप दिली. तिथे दुसऱ्या वर्षापासून तो संघाचा मुख्य रनिंग बॅक. लोक त्याच्या नंबरचे शर्ट घालून मॅचला येऊ लागले. या खेळात रनिंग बॅकचं आयुष्य कढीपत्त्यासारखं असतं — फोडणीत आधी तोच, सगळ्या घरभर वास त्याचाच, आणि जेवताना पहिल्यांदा बाजूला काढतात तोही तोच. हे मला ठाऊक होतं. तरी मी त्या वासात सुखी होतो.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या काकू आधी मला काळजीने विचारायच्या, याने पुढे मेडिकलला काही अडचण येत नाही ना? मग निखिलचा फोटो पेपरात आला आणि त्याच काकूंनी पुढाकार घेऊन गणपतीत त्याचा सत्कार ठेवला. अध्यक्षांनी भाषणात सह्याद्री दोनदा आणला, निधडी छाती तीनदा. शाल झाली, नारळ झाला. आणि मग ते म्हणाले की वडील स्वतः एकेकाळचे नामांकित कबड्डीपटू, तेव्हा हा वारसा आहे, हे रक्तातलं आहे — आणि दुसरा नारळ माझ्या हातात दिला.

मी घेतला. टाळ्या वाजत होत्या, मी मान किंचित झुकवली, नम्र माणसं झुकवतात तशी. त्या नारळाची घरी चटणी झाली. सांगायला लाज वाटते, पण चटणी उत्तम झाली होती.

मी कबड्डी कधीही खेळलेलो नाही.

बघा — एवढंच वाक्य होतं. बारा वर्षं ते घशात होतं. पण हे अर्धंच आहे. कुणी न केलेल्या गोष्टीची फुशारकी मारली तर तो नुसता बढाईखोर. त्याला गल्लीत माफी असते. मी मारलेली बढाई मात्र रिकामी नव्हती. ती दुसऱ्याची होती.

निखिल नऊ वर्षांचा असताना शनिवारी सकाळी त्याला सॉकरच्या सरावाला न्यायचो. आम्ही वडील मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून कडेला बसत असू. एकाने कॉलेजात बोटी वल्हवल्या होत्या, दुसरा बेसबॉल खेळला होता, तिसऱ्याला त्याच्या खांद्याच्या ऑपरेशनचा अभिमान होता. मला कुणी विचारलं नव्हतं. ते विचारणारही नव्हते, हे मला कळत होतं. पाणी प्यायला आलेल्या निखिललाही ते कळलं असावं. सगळ्यांच्या देखत त्याने मला इंग्रजीत विचारलं, बाबा, तू काय खेळायचास?

मी नेहमीप्रमाणे मराठीत उत्तर दिलं. "मी कबड्डी खेळायचो."

तोंडाशी आलं होतं ते वेगळं. 'ताई कबड्डी खेळायची' — हे वाक्य खरोखर जिभेवर होतं, यावर तुम्ही विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. 'ताई'चं 'मी' झालं आणि 'ची'चं 'चो'. वेलांटी गेली, काना-मात्रा आली. आपल्या भाषेत खोटं बोलायला फार सामान लागत नाही. क्रियापदाचं शेपूट बदललं की काम होतं. मग त्या तिघांसाठी मी त्याचं भाषांतर केलं. तिघेही माझ्याकडे वळून बसले.

खेळायची ती शैलाताई. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मिरजेत शाळेच्या मैदानावर तिची चढाई बघायला बाहेरची माणसं कुंपणाशी थांबायची. चढाई म्हणजे काय ते सांगायला हवं का? समोरच्यांच्या अंगणात एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम सुटायच्या आत परत यायचं. ताईची एक खोड होती. ऐन पळण्यात ती थांबायची — गचकन, विजेचा दिवा जावा तशी. धरायला आलेलीचा तोल पुढे जायचा, आणि ताई तिच्या बगलेखालून परत. माझ्या कबड्डीतल्या कारकिर्दीचं म्हणाल तर ती होती: खेळ चालू असेपर्यंत मी मैदानाबाहेर उभा राहून तिच्या चपला सांभाळायचो. मन लावून सांभाळायचो. त्यामुळे मला सगळं पाठ होतं.

तेच मी निखिलला शिकवलं. मागच्या अंगणात, गवतावर. कसं थांबायचं, समोरच्याचे डोळे नाही तर कंबर कशी बघायची. पण करून दाखव म्हणाला तर? त्यासाठी मी एक जुनी दुखापत तयार केली. उजवा गुडघा. घरात शिरायच्या वेळी थोडा लंगडायचोसुद्धा. बायको नागपूरची, मिरजेत कोण काय खेळलं याची चौकशी करायचं तिला कारण नव्हतं. आणि ताईने लग्नानंतर कबड्डीचं नाव काढलं नव्हतं. आमच्या घरात तिच्या खेळाला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. नावही घेतलं नाही. ते माझ्या पथ्यावर पडलं.

रात्री झोपताना तो गोष्ट मागायचा आणि मी जिल्ह्याच्या अंतिम सामन्याची सांगायचो. वेगात असली की ताईच्या तोंडून 'कबड्डी' पूर्ण निघत नसे. 'क' गिळला जाई आणि नुसतं 'बडी, बडी, बडी' ऐकू येई. मैत्रिणी चिडवायच्या, सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशीचा पंच बाहेरगावचा होता. ती दोघींना शिवून परत येत असताना त्याने शिट्टी वाजवली — शब्द स्पष्ट नाही, बाद. सामना तिथे गेला. ताईने वाद घातला नाही. माझ्याकडे आली, चपला मागितल्या, घातल्या आणि आम्ही चालत घरी आलो. त्याच वर्षी वडील म्हणाले, आता पुरे. आणि ती डी.एड.ला गेली.

ही गोष्ट मी 'मी' घालून सांगितली. विजयाची सांगितली असती तर कदाचित पकडलो गेलो असतो. खोट्यात थोडा पराभव मिसळला की ते फार खरं लागतं. निखिलच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्यासाठी. कुणाच्या तरी वाट्याचं पाणी मी असं किती रात्री पीत होतो?

मग तो पळताना तसं म्हणायला लागला. अर्थात माझ्या गोष्टीतल्यासारखं, 'क' गिळून. तोंडात माउथगार्ड असल्यामुळे 'बडी, बडी' एवढंच बाहेर पडे. संघातल्या पोरांना वाटलं हा सगळ्यांना दोस्त म्हणतोय. इंग्रजीत बडी म्हणजे दोस्त. झालं, त्याचं नाव बडी पडलं. विद्यापीठात तर अख्खं स्टेडियम ओरडू लागलं. एकदा टीव्हीवरच्या समालोचकाने खुलासा केला की हे प्राचीन भारतीय श्वसनध्यान असून खेळाडूने ते वडिलांकडून घेतलं आहे. मी सोफ्यावर बसून ऐकत होतो. खुलाशावर खुलासा कुणाकडे करायचा असतो?

दोन वर्षांपूर्वी ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि पहिल्यांदा इकडे आली. ऑक्टोबर होता. आत्या आल्यावर मॅच बघायलाच हवी, असं निखिलने फोन करून बजावलं. काहीतरी कारण काढून टाळता आलं असतं, तसे बेत मी केलेही. पण टाळलं नाही. का? कळायचं असेल तर असंच कळू दे, असं कुठेतरी वाटत होतं का? नाही. धीर इतका आडवळणाने येत नाही. मला वाटलं होतं, एवढ्या गर्दीत तिला काही कळणार नाही.

नऊवारी-पाचवारीच्या वादात न पडता ती सलवार-कमीज, वर माझं जाकीट आणि पायात बायकोचे बूट घालून आली. पॉपकॉर्न खारट आहेत म्हणाली. निखिल मैदानात उतरला आणि भोवती ओरडा सुरू झाला. तिने विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, त्याचं टोपणनाव आहे, बडी, म्हणजे मित्र. ती बरं म्हणाली. मग त्याच्या हातात बॉल आला. तो घोळक्यातून उजवीकडे निघाला, एक आडदांड पोरगा त्याच्यावर झेपावला — आणि निखिल थांबला. गचकन. पोराचा तोल पुढे गेला आणि निखिल त्याच्या बगलेखालून निघाला.

सगळं स्टेडियम उभं राहिलं. ताई त्यांच्या आधी उभी राहिली होती. सगळे बसल्यावरही ती उभीच होती. ओठ हलत होते. मग ती हळूच बसली आणि उरलेला वेळ मैदानाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. मी पॉपकॉर्न खात राहिलो. खारटच होते.

मॅचनंतर खेळाडू बाहेर येतात तिथे आम्ही थांबलो. निखिल आला, त्याने आत्याला मिठी मारली, माझ्या खांद्यावर हात टाकला. तेवढ्यात विद्यापीठाच्या पेपरातली एक मुलगी फोन पुढे करून आली. तिला कबड्डीबद्दल विचारायचं होतं. त्या अंतिम सामन्याबद्दल, गिळलेल्या अक्षराबद्दल — निखिलने तिला सगळं सांगितलं होतं. ताई माझ्या शेजारी हाताच्या अंतरावर. तिला इंग्रजी माझ्याइतकं येतं. आयुष्यभर ते शिकवलं आहे.

एक वाक्य हवं होतं. लहान वाक्य. ती मी नव्हे, ही. मी ताईकडे बघितलं आणि त्या मुलीला म्हणालो, फार जुनी गोष्ट आहे.

शब्दशः बघितलं तर यात खोटंही काही नाही. भित्रेपणाला व्याकरण चांगलं येतं.

मुलगी मग कौतुकाने ताईकडे वळली. भाऊ खेळायचा तेव्हा तुम्ही बघायला जायचात का? ताईने एकदा माझ्याकडे, एकदा निखिलच्या माझ्या खांद्यावरच्या हाताकडे बघितलं आणि शांतपणे, स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "जायचे ना. त्याच्या चपला मी सांभाळायचे."

सगळे हसले. पेपरात ते वाक्य चौकटीत छापून आलं.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघंच होतो. बायको निखिलबरोबर मागे थांबली होती. हायवे लागला तेव्हा ताईने माझं जाकीट काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "राजू, 'क' कधी गिळलास रे तू?"

मी गाडी चालवत होतो. गाडी चालवणाऱ्या माणसाला उत्तर न देण्याची थोडी सवलत असते, ती मी घेतली. थोड्या वेळाने तीच म्हणाली की पोरगं थांबतं छान, माझ्यापेक्षा छान थांबतं. आणि आमचा एक्झिट आला तेव्हा, "मी काही त्याला सांगणार नाही. माझा खेळ मीच मागून घ्यायचा का?"

ती आणखी तीन आठवडे राहिली. बेसनाचे लाडू केले, बायकोला उकडीचे मोदक वळायला शिकवले, मला रोज वाढलं. मी एकदाही बोललो नाही. तिला विमानतळावर सोडलं, तिची बॅग पट्ट्यावर ठेवली, आणि तेव्हाही नाही.

मागच्या हिवाळ्यात निखिलचा गुडघा गेला. खरा. उजवाच. मी अंधश्रद्धाळू नाही, त्यामुळे मला झोप का लागत नव्हती याचं दुसरं कारण शोधायला हवं होतं. ऑपरेशन झालं. चौकशीचे फोन आधी रोज येत, मग आठवड्याला, मग कढीपत्ता ताटाच्या कडेला. पोरगं घरी येऊन सोफ्यावर पाय वर करून पडलं. आणि एका दुपारी बर्फाची पिशवी गुडघ्यावर सारखी करत त्याने मला विचारलं, बाबा, तुझा गुडघा गेला तेव्हा तू काय केलंस?

त्याच्या डोळ्यांत नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याला खरंच माहिती हवी होती. त्याला पुन्हा उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी तो माझ्या कधी न मोडलेल्या गुडघ्याला टेकू पाहत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, बंद केला. म्हणालो, आत्याला विचार. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बारा वर्षांत त्या विषयावर मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. तेही अर्धवट.

त्याने विचारलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघांचा व्हिडिओ कॉल असतो. व्यायाम त्याचा फिजिओथेरपिस्ट बघतो. आत्या दम बघते. आधी बसून, मग काठीने चालत, मग नुसतं चालत — एका दमात किती वेळ म्हणतोस? आणि नीट म्हण. 'क' ऐकू आला पाहिजे. पंच बाहेरगावचा असतो. मी स्वयंपाकघरात कांदा चिरण्याच्या निमित्ताने ऐकत असतो. एकदा निखिलने विचारलंच, आत्या, तुला हे सगळं कसं माहीत? मी सुरी थांबवली. फोनमधून ताईचा आवाज आला, "चपला सांभाळताना दिसतं सगळं."

म्हणजे अजूनही ती माझ्यासाठी जागा राखून होती. परत यायला.

मे महिन्यात तो पळायला लागला. डॉक्टरांनी हो म्हटलं, प्रशिक्षकाने शेवटच्या सीझनसाठी नाव ठेवलं. आता सकाळी मागच्या अंगणातून आवाज येतो — कबड्डी, कबड्डी — पूर्ण, खणखणीत, 'क'सकट. थांबणं अजून तितकं गचकन होत नाही. होईल. शेजारचे काका परवा म्हणाले, तुमचाच वारसा. मी म्हणालो, माझ्या बहिणीचा. ते हसले, त्यांना तो विनय वाटला.

आणि एवढा आवाज काढतोस तर ते अक्षर दिसतं कसं तेही शिक, म्हणून ताईने त्याला मराठी लिहाय-वाचायला शिकवायला घेतलं आहे. निवृत्त मुख्याध्यापिकेला फोनवर कुणी रिकामं बसलेलं बघवत नाही. तेव्हा मी हे सगळं मराठीत लिहून काढलं. निखिलला वाचता येत नाही म्हणून मराठीत लिहितोय का, असा तुम्हाला संशय येईल. मलाही आला. म्हणून आधी ताईलाच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिने तपासून परत केलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल केल्या होत्या. 'मी कबड्डी खेळायचो' या वाक्यातल्या 'चो'भोवती गोल होता, बाजूला लिहिलं होतं: ची. शिवाय एक तपशिलाची दुरुस्ती: तो अंतिम सामना नव्हता, उपांत्य होता. वर मी ती केलेली नाही. मी सांगताना अंतिमच सांगत आलो. खाली शेरा होता: मजकूर ठीक. निखिलला वाचनाचा पहिला धडा म्हणून हाच देणार आहे. मोठ्याने वाचायला लावीन. तू त्याच्या समोर बसायचं.

मी बसतो म्हणून कळवलं आहे.

स्वर संपले. सध्या तो 'क'वर आहे. स्वतःच्या नावातला 'ख' पुढच्या रविवारी.